ब्रेकबाईंचा पाय

सोफ्याच्या दुकानात गाडी घेऊन शिरण्याचा माझा अजिबात विचार नव्हता. आम्हाला सोफा नकोच होता. घरात एक आहे, पण त्यावर कायम इस्त्रीचे कपडे बसलेले असतात. आम्ही उभे असतो. त्या सकाळी मी सरळ जायचं म्हणून निघालो, वळण आलं म्हणून वळलो, आणि समोर फूटपाथवर मांडलेला एक लालभडक सोफा दिसला. तो जसजसा मोठा होत गेला, तसतसा मी ब्रेक अधिकाधिक जोरात दाबत गेलो. मी दाबत होतो तो ब्रेक नव्हता, एवढीच काय ती चूक.

सोफ्यावर दुकानदार पेपर वाचत बसले होते. गाडीने त्यांना सोफ्यासकट, पेपरसकट आणि चहाच्या कपासकट दुकानात नेऊन ठेवलं. मागे गाद्यांची थप्पी होती, तिला सोफा टेकला आणि वरच्या दोन गाद्या त्यांच्या डोक्यावर आल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुकानदारांनी आधी वाचत होते ती ओळ पूर्ण केली असावी, कारण ओरडायला त्यांनी जरा वेळच लावला.

मग माणसं जमली. माझी गाडी कुठे ठोकली गेली की गावातल्या माणसांना कामधंदा उरत नाही.

"काका, दुकान दहाला उघडतं. रांगेत या."

"या वयात गाडी? त्यापेक्षा बुद्धिबळ खेळा, त्यात घोडा अडीच घरंच जातो."

मी मान खाली घालून शेजारच्या सीटवरून येणाऱ्या शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या नाहीत. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. गाडी शिकवणाऱ्या बाई खाली वाकून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होत्या. उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघतात तशा.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची चूक रोजचीच आहे, ती मी धरतच नाही," बाई म्हणाल्या. "माझा पाय कुठे होता?"

सगळं गाव त्यांना ब्रेकबाई म्हणत असे. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'ब्रेकबाई', आणि हे त्यांना माहीत होतं. खरं तर आवडतही होतं. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. दोन्ही एका तारेने बांधलेले. बाईंनी त्यांचं पेडल दाबलं की माझं पेडल आपोआप खाली जाई, आणि मी उगाच समजत असे की मीच गाडी थांबवली. उलट मी माझं दाबलं, की बाईंच्या बाजूची तार ढिली पडून त्यांचं पेडल त्यांच्या पायाखाली लुळं पडत असे. त्यामुळे मी ब्रेक मारतोय की नुसता चेहरा गंभीर करतोय, हे बाईंना न बघता कळायचं. "काका, चेहऱ्याने गाडी थांबत नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की घरी बायकोही वापरायला लागली होती.

गाडी शिकवायची शाळा त्यांच्या धाकट्या भावाची आणि त्यांची. नावाला भाऊ मालक, कारण वडिलांनी शाळेची जागा त्याच्या नावावर केली. आणि शिकवणाऱ्या बाई, कारण भावाला शिकणाऱ्यांच्या शेजारी बसायची भीती वाटायची. खाली शाळा, वर घर. खाली एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा भला मोठा तक्ता, आणि भिंतीला ठोकलेलं एक जुनं स्टिअरिंग, ज्याच्यासमोर स्टुलावर बसून नव्या मंडळींनी हात फिरवायची सवय करायची. वर भाऊ, वहिनी, आणि रस्त्याकडच्या खोलीत बाई. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एका आगाऊ शिष्याने विचारलं होतं. "ज्याच्याशी करायचं त्याला आधी रिव्हर्स घ्यायला सांगितलं," बाई म्हणाल्या होत्या.

त्यांच्या पायाबद्दल दंतकथा होत्या. बसमध्ये बसल्या तरी ड्रायव्हरच्या आधी त्यांचा पाय दाबला जाई. सिनेमात गाडी दरीकडे निघाली की पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून बघे. दातांच्या डॉक्टरने यंत्र तोंडात घातलं तेव्हा त्यांनी पायाने असा ब्रेक मारला की खुर्चीची पाय टेकायची फळीच निखळली. झोपेतही मारत असणार. वहिनी म्हणायच्या की ताईंची चादर पायाकडून फाटते.

असा पाय सोफ्याच्या दिवशी उशिरा पोचला होता. आणि ते फक्त बाईंना कळलं होतं.

महिनाभरात बाकीच्यांनाही कळायला लागलं, पण भलतंच. बाई चालताना जरा डुलू लागल्या. बोलताना शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या झाल्या, 'थर्ड गिअर' म्हणताना जीभ मधेच बसू लागली. एकदा मला म्हणाल्या, "काका, तुम्ही आज दोन दिसताय. एकच पुष्कळ होता." मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे. तो विनोद नव्हता, त्यांना खरोखरच दोन काका दिसत होते. माझ्यासारखा माणूस दुप्पट दिसणं हा किती मोठा आजार आहे, हे माझ्या बायकोलाच विचारा.

गावाने निदान डॉक्टरांच्या आधी केलं. त्याला फी नसते. एका संध्याकाळी वाहतूक पोलिसाने त्यांची गाडी अडवली. पोलीस त्यांचाच शिष्य. "बाई, राग मानू नका, जरा यात फुंका." बाईंनी फुंकलं. यंत्राने शून्य दाखवलं. त्याने यंत्र हातावर आपटलं, परत फुंकायला लावलं. परत शून्य. "बिघडलंय वाटतं," असं म्हणत खात्री करायला त्याने स्वतःच फुंकलं. यंत्राने लगेच आकडा दाखवला आणि त्याने ते घाईघाईने खिशात घातलं. पण दुसऱ्या दिवशी गावभर काय झालं? 'ब्रेकबाई घेतात.' पोलीस घेतो हे कुणी म्हणालं नाही. पोरींच्या आया शाळेत येऊन भावाला हळूच विचारू लागल्या, "दुसरं कुणी नाही का हो शिकवायला?"

आणि डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. आता दोन काका स्पष्ट दिसू लागले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तोल कानात असतो, आणि कानात काही सापडलं नाही. तिसऱ्याने मनावर ताण आहे म्हणून सांगितलं आणि पहाटे फिरायला जायला लावलं. पहाटे फिरताना बाई गटारात पडल्या. वहिनी म्हणाल्या, "ताई, खरं सांगायचं तर एकट्या बाईला या वयात असं काहीतरी होतंच." बाई म्हणाल्या, "मग तुला व्हायला हवं होतं. तू तर माझ्या भावाबरोबर राहतेस."

शेवटी मोठ्या हॉस्पिटलातले मेंदूचे डॉक्टर भेटले. तेही बाईंचेच शिष्य निघाले. हुशार माणूस, हात हलका, फक्त गाडी आजही दोन गाड्यांच्या जागेत तिरपी लावतो. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, पाठीत सुई घालून पाणी काढलं, इतर सगळ्या संशयितांची नावं एकेक करून खोडली, आणि मग कवटीला छोटं भोक पाडून तिळाएवढा तुकडा तपासायला पाठवला. पडद्यावरच्या फोटोत मेंदूच्या बुंध्यापाशी पांढरे ठिपके होते, कुणी मिरपूड भुरभुरवावी तसे. आजाराचं नाव एवढं लांब होतं की ते म्हणताना डॉक्टरांनाही मधे श्वास घ्यावा लागला.

"लाखात एखाद्याला होतो," ते म्हणाले.

"लॉटरी कधी लागली नाही," बाई म्हणाल्या. "हे बरं लागलं. पुढे बोला."

"शरीरात रोगांशी लढणारी फौज असते ना बाई, ती तुमच्याच मेंदूवर उलटली आहे. तिथे सूज येते. तोल, नजर, जीभ, पाय, सगळ्यांच्या तारा तिथूनच जातात."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"बरोबर. आता कुंपणालाच गुंगी द्यायची."

"आणि मग गुरं आत शिरली तर?"

डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो बंद केला. बाईंनी पहिल्याच दिवशी प्रश्न बरोबर जागी टेकवला होता.

आधी पाच दिवस शिरेतून भरपूर स्टेरॉइड दिलं. आणि काय सांगू, आठवड्यात बाई ताठ चालत घरी आल्या! काका एकच दिसू लागला. 'थर्ड गिअर' खणखणीत. भावाने पेढ्यांसारखे आनंदाश्रू वाटले. बाई जिन्यावरून थेट गाडीकडे गेल्या, सीटवर बसल्या, पेडल दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता कोण घेतं, ते बघू."

त्या आठवड्यात मी त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं, ते पुन्हा पाहिलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पुढे गोळ्या हळूहळू कमी करायच्या होत्या. कमी केल्या आणि न्हाणीघरात बाई आडव्या झाल्या. वाढवल्या, उभ्या राहिल्या. पुन्हा कमी केल्या, पुन्हा जीभ अडखळली. वाढवलेल्या गोळ्यांनी चेहरा फुगून गोल झाला, मान जाड झाली, साखर चढली, भूक अशी की रागाने जेवायच्या, झोप मात्र अजिबात नाही. वहिनी म्हणाल्या, "ताई, अगदी पौर्णिमेचा चंद्र झालात." बाई म्हणाल्या, "ग्रहण तुझ्याच खोलीत लागेल मग." आरशाकडे मात्र त्यांनी पाठ फिरवली होती. गाडीतला मागचं दाखवणारा आरसासुद्धा त्या मान न वळवता, फक्त डोळ्यांनी बघत.

तेव्हा डॉक्टरांनी दुसरं औषध काढलं: सकाळ-संध्याकाळ फौजेला सुस्त ठेवणाऱ्या गोळ्या, दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलात दिवसभर बसून शिरेतून थेंबथेंब घ्यायचं एक महागडं औषध.

"किती वर्षं?" भावाने विचारलं.

डॉक्टरांनी बाईंकडे बघून उत्तर दिलं. "बाई, हा ब्रेक आहे. पुढचं नुकसान थांबवेल. लावून ठेवायचा, काढायचा नाही. झालेलं नुकसान मात्र भरून येईलच असं नाही. रिव्हर्स गिअर आमच्याकडे नाही."

"तो तुम्हाला कधीच नीट पडला नाही," बाई म्हणाल्या.

दर सहा महिन्यांनी थेंबांच्या दिवशी सोबत मी जात असे. भावाला शाळा सोडता येत नव्हती आणि मी निवृत्त. शिवाय सोफ्यापासून आमचं एक नातंच जडलं होतं. बसने जायचो. गाडी मी चालवायची नाही, ही अट दोघांचीही होती. औषध द्यायच्या हॉलमध्ये खुर्च्यांची एक रांग असे, प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी हाताला नळी लावून, कुणाला कशासाठी, कुणाला कशासाठी. बाई खिडकीची खुर्ची मागून घ्यायच्या. खाली हॉस्पिटलचा गाड्या लावायचं आवार दिसे. डॉक्टर आपली गाडी आणून नेहमीसारखी तिरपी लावत, आणि बाईंच्या रक्तदाबाचं यंत्र लगेच टूंटूं करू लागे. नर्स धावत यायची. "औषध सोसत नाहीये का?" "औषध सोसतंय," बाई म्हणायच्या, "तो माणूस सोसत नाहीये. त्याला सांगा, आधी स्टिअरिंग सरळ कर म्हणावं."

त्यांच्या पायाकडे मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं. नर्स सुई टोचायची आणि सवयीने पाय हलायचा, पण टोचून झाल्यावर. दुखून झाल्यावर ब्रेक मारणारा पाय.

आता कुंपणाला गुंगी चढली होती, आणि बाईंनी विचारलेला तो प्रश्न उत्तर घेऊन घरात आला. वहिनींच्या माहेरून कुणीतरी खोकला घेऊन आलं. बाईंना सर्दी-खोकल्याच्या माणसापासून लांब ठेवायचं, हे घरात सगळ्यांना सांगितलेलं. मला स्वतःला एका शिंकेबद्दल जिन्यातून परत पाठवलं होतं: "तुमची शिंक म्हणजे माझा दवाखाना, चला." पण माहेरच्या माणसाला कसं सांगणार? "साधा खोकला तर आहे," वहिनी म्हणाल्या. साधा खोकला बाईंच्या छातीत गेला आणि तिथे मुक्कामाला राहिला. तीन आठवडे हॉस्पिटल. छातीचा जंतू मरेपर्यंत थेंबांचं औषध द्यायचं नाही, म्हणून तो डोस चुकला. आणि डोस चुकला तेवढ्यात फौज जागी होऊन पुन्हा मेंदूवर गेली. झोपवली तर चोर, जागवली तर घरातलाच सुरा. त्या एका खेपेत बाईंच्या उजव्या पायातलं जे उरलंसुरलं होतं ते गेलं.

वहिनी भेटायला आल्या तेव्हा रडत होत्या. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. नाक वाहतं तुझं, लांब हो."

पुढे औषध पुन्हा लागू पडलं. पुन्हा फोटो काढला. नवा ठिपका नाही. त्यापुढच्याही फोटोत नाही. डॉक्टर खूश. आजार थांबला होता. बाईही थांबल्या होत्या, काठी घेऊन, शाळेच्या दारात.

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी बाईंनी शिकवलेली. त्यांचा पहिला धडा असायचा: "हॉर्न विचारण्यासाठी असतो, शिवी देण्यासाठी नाही." आता बाई शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला निघाल्या की पांढऱ्या पट्ट्यांवर मधेच त्यांचा तोल सावरायला वेळ लागे, आणि दोन्ही बाजूंनी त्यांचेच शिष्य हॉर्नवर हात ठेवून बसत. बाई मान न वळवता, आवाजावरून, कोण ते ओळखायच्या. "हा माझाच. याला क्लच कधी कळला नाही." "ही सोनाराची सून, घाबरली की वाजवते." एकदा एकाने काच खाली करून ओरडून विचारलं, "सकाळी सकाळीच का?" बाईंनी वळून उत्तर दिलं. चांगलं सणसणीत होतं, मी शेजारी होतो. पण जीभ ऐन वेळी घसरली, आणि त्यामुळे त्याची खात्रीच पटली.

भावाने आपल्या परीने प्रेम केलं. प्रेमासारखं नुकसान दुसरं कुणी करत नाही. त्याने बाईंना खालच्या टेबलाशी फोनवर बसवलं. बाईंचा आवाज ऐकून लोक म्हणत, "चुकून दुसरीकडे लागला वाटतं," आणि ठेवून देत. मग त्याने फोन स्वतःकडे घेतला आणि बाईंसमोर फुलदाणी ठेवली. शिकवायला एक मिशीवाला मास्तर आणला. मिशीवाला गाडीत बसून मोबाईल बघायचा आणि शिकणारी माणसं गाडी ठोकायची. ठोकून आलेली गाडी बाई दारातून बघत बसत. एका आठवड्यात दोन्ही दिवे गेले.

एके दिवशी भाऊ वर गेला आणि खोलीच्या दारात उभं राहून म्हणाला, "ताई, सोमवारपासून तुझी गाडीही त्यालाच देतोय. नुसती उभी आहे. तू आराम कर."

बाईंची गाडी म्हणजे ती सोफ्यावाली. तिच्यातली बाईंच्या बाजूची ब्रेक आणि क्लचची पेडलं त्यांच्या पायाच्या मापाने बसवलेली होती.

"सोमवार लांब आहे," बाई म्हणाल्या. "त्याआधी मी बघते. पाय पोचला तर सीट माझी."

"कोण ठरवणार?"

"मी."

भाऊ खोलीत आला. त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, मी हो म्हणू शकत नाही. नाही म्हणता का, असं विचारलं तर म्हणाले, ते मला बाईंना सांगता येणार नाही. शेवटी भावाने किल्ली टेबलावर ठेवली. "तुझ्या शब्दावर, ताई. तू म्हणशील ते."

बाईंनी मला बोलावलं. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे लायसन्स नाही; चार वेळा नापास झालोय; माझ्या नावाने परीक्षा घेणारा साहेब सुट्टी टाकतो.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "दुसरा कुणी आणला तर मला आधी कळेल असं चुकेल. मला न सांगता चुकणारा माणूस हवा. तुमच्याइतकं मनापासून कुणी चुकत नाही."

बंद पडलेल्या गिरणीमागे एक मोठं सपाट मैदान आहे. तिथे गेलो. बाईंनी काठी मागे टाकली आणि सीटवर बसल्या. बसताना सीटला असा हात लावला की मी दुसरीकडे बघितलं. मैदानाच्या मधोमध मी एक रिकामं निळं प्लास्टिकचं पिंप उभं केलं.

"पिंपाकडे घ्यायची. ब्रेकला हात—पाय लावायचा नाही. थांबवायची मी."

"आणि नाही थांबली तर?"

"पिंपाच्या घरच्यांना मी सांगेन."

पहिले काही फेरे आम्ही नुसते मैदानात फिरलो. बाई बोलत होत्या, शिव्या देत होत्या, मी गिअर करकरवत होतो. अगदी जुने दिवस. "काका, क्लच आहे, देवाचा पाय नाही, सोडा तो!" मला इतकं बरं वाटलं की मी पिंप विसरलो. आणि मग ते समोर आलं, निळं, मोठं होत जाणारं, अगदी त्या सोफ्यासारखं.

मी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. बाईंचा पाय उचलला गेला होता, वेळेवर. निघालाही होता. पण पेडलच्या बाजूला, पायपुसण्यावर जाऊन पडला. उचलला, पुन्हा पडला, पुन्हा शेजारीच. एखादा म्हातारा कुलपाला किल्ली लावत असावा तसा. आणि बाई समोर बघत होत्या, त्यांचा त्या पायावर विश्वास होता.

मी ब्रेक मारला.

गाडी पिंपापासून हातभर अंतरावर थांबली.

"वा, बाई!" मी ओरडलो. टाळ्याही वाजवल्या. "पोचला की! सोमवारी मिशीला नारळ द्या!"

बाई समोर पिंपाकडे बघत होत्या. गाडी थांबल्यावर त्यांचा पाय एकदाचा पेडलला टेकला होता आणि ते लुळं पडलेलं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. त्यांचं हसू अर्ध्यावर आलेलं होतं, ते तसंच परत गेलं.

"मागे घ्या," त्या म्हणाल्या. "परत."

"कशाला? झालं की—"

"चपला काढा. पहिल्या गिअरमध्ये निघाली की दोन्ही पाय सीटवर. मांडी घालून बसायचं."

"मांडी घालून गाडी कशी चालवू?"

"पहिल्या गिअरमध्ये ती आपली आपण चालते. तुम्ही काही केलं नाहीत तर जास्त बरी चालते."

मी मांडी घातली. गाडी माणसाच्या चालीने निघाली. पिंप इतकं सावकाश जवळ आलं की त्यात एखाद्याचं लग्न जमलं असतं. बाईंचा पाय निघाला. शेजारी. पुन्हा शेजारी. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय पेडलवर आणून ठेवला, आणि तो ठेवला तेव्हा पिंप आडवं होऊन गाडीखाली करकरत होतं. इंजिन आचके देत बंद पडलं.

बाईंनी खाली वाकून पायाकडे बघितलं. सोफ्याच्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. या वेळी शाळा सोडल्याचा दाखला हातात देताना बघावं तसं.

मग त्यांनी डिकीतून पाना काढायला लावला. दार उघडून, जमिनीवर बसून, स्वतः आपल्या बाजूची पेडलं खोलायला लागल्या. पाना निसटत होता, एक नट गवतात गेला तो सापडला नाही. मी पुढे झालो. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "त्या मिशीवाल्याचा पाय आखूड आहे. त्याला त्याची बसवू दे. ही माझी आहेत." पेडलं सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी गाडी पुसायच्या फडक्यात ती गुंडाळून मांडीवर घेतली.

मला राहवलं नाही. "बाई, पहिल्या खेपेला गाडी थांबली होती. भावाला तेवढंच सांगू. कोणाला कळणार आहे?"

"सोमवारी पिंपाऐवजी शाळेतून सुटलेलं पोर असलं तर त्याला कळेल."

"मला वाटलं... मी तुमच्यासाठी मारला हो तो ब्रेक."

बाईंनी फडक्याला गाठ मारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"जन्मात एकदा वेळेवर ब्रेक मारलात काका, आणि तोही नको तिथे."